आसियानचे सदस्यत्व: पात्रता, कागदपत्रे आणि मंजुरीचा प्रवास

पूर्व तिमोरने आसियानकडे, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेकडे, सदस्यत्वाचा अर्ज दिला मार्च 2011 मध्ये. त्यावर अंतिम मोहोर उमटली 26 ऑक्टोबर 2025 रोजी, क्वालालंपूरच्या शिखर परिषदेत. मधे साडेचौदा वर्षे गेली. 1999 मध्ये कंबोडिया आल्यानंतर आसियानमध्ये आलेला हा पहिलाच नवा देश, अकरावा सदस्य. एवढा वेळ का लागला हे समजायचे तर अर्जाचे नियम आणि संघटनेची रचना एकत्रच वाचावी लागते. इथे अर्ज छाननारे स्वतंत्र खाते नाही. जे देश आधीच आत बसले आहेत, तेच तपासतात आणि तेच मंजुरी देतात.

पात्रता

नियमांचा आधार म्हणजे आसियानची सनद. तिच्यावर 2007 मध्ये सिंगापूरला सह्या झाल्या आणि 15 डिसेंबर 2008 पासून ती लागू झाली. कलम 6 मध्ये चार अटी आहेत: देश आग्नेय आशियाच्या मान्य भूभागात असावा, सर्व सदस्य देशांनी त्याला मान्यता दिलेली असावी, सनदेने बांधून घेण्याची त्याची तयारी असावी, आणि सदस्यत्वाच्या जबाबदाऱ्या पार पाडण्याची क्षमता व इच्छा असावी.

पहिली अट वाटते तितकी सरळ नाही. पापुआ न्यू गिनी 1976 पासून निरीक्षक आहे. त्याची जमीन इंडोनेशियाच्या सीमेला लागून आहे, तरी आजवर तो निरीक्षकच राहिला. पूर्व तिमोरला भूगोलाची अडचण नव्हती. तिमोर बेटाचा पश्चिम भाग तर इंडोनेशियाचाच आहे. त्याचे घोडे अडले चौथ्या अटीपाशी. 2002 मध्ये स्वतंत्र झालेला, जेमतेम तेरा-चौदा लाख वस्तीचा देश वर्षभर चालणाऱ्या शेकडो बैठकांना अधिकारी पाठवू शकेल का, हा प्रश्न होता. त्यातच आसियानची कामकाजाची भाषा एकच, इंग्रजी. आणि पूर्व तिमोरच्या राजभाषा तेतुम आणि पोर्तुगीज. म्हणजे माणसे आधी भाषेत तयार करायची, मग कामात.

अर्ज कुठून कुठे जातो

अर्ज पोहोचतो परराष्ट्रमंत्र्यांच्या समन्वय परिषदेकडे. ही परिषद वर्षातून किमान दोनदा भरते आणि शिफारस करते. निर्णय मात्र राष्ट्रप्रमुख व शासनप्रमुखांच्या शिखर परिषदेचा. जकार्तातले सचिवालय आणि पाच वर्षांसाठी एकदाच नेमले जाणारे सरचिटणीस समन्वय सांभाळतात, अंमलबजावणीवर लक्ष ठेवतात. अर्ज मंजूर वा नामंजूर करण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही.

शिफारसीआधी पाहणी होते. आसियानचे काम राजकीय-सुरक्षा, आर्थिक आणि सामाजिक-सांस्कृतिक अशा तीन समुदायांत विभागलेले आहे. तिन्हींची पथके पूर्व तिमोरला वेगवेगळी जाऊन आली. नोव्हेंबर 2022 मध्ये कंबोडियाची राजधानी नॉमपेन्ह येथे तत्त्वतः होकार आणि निरीक्षकाचा दर्जा मिळाला. मे 2023 मध्ये इंडोनेशियातल्या लाबुआन बाजोच्या परिषदेत पुढच्या टप्प्यांचा आराखडा मान्य झाला: कोणते करार स्वीकारायचे, कोणते कायदे बदलायचे, कुठे मनुष्यबळ उभे करायचे.

आणि हे सगळे पार पडले तरी शेवटी लागते एकमत. सनदेनुसार सल्लामसलत आणि सहमती हाच निर्णयाचा पाया आहे. बहुमताने कोणी आत येत नाही. एका देशाचा आक्षेप असला तरी अर्ज थांबतो.

मला या सावधपणाचे कारण सनदेत जे लिहिलेले नाही त्यात दिसते. सदस्याला काढून टाकण्याचे कलम तिच्यात नाही. गंभीर उल्लंघन झाले तर प्रकरण शिखर परिषदेपुढे जाते, एवढेच. 2021 मधल्या लष्करी उठावानंतर म्यानमारच्या लष्करप्रमुखांना शिखर परिषदेपासून दूर ठेवले गेले आणि 2026 चे अध्यक्षपद त्या देशाऐवजी फिलिपिन्सकडे गेले. पण सदस्यत्व कायम राहिले. एकदा आत घेतलेल्याला बाहेर काढता येत नसेल, तर उंबरठ्यावर जास्त चौकशी होणारच. तरीही एका छोट्या देशाला दीड दशक ताटकळत ठेवणे मला जास्तच वाटते.

कागदपत्रे

सुरुवातीला औपचारिक अर्जपत्र. मुख्य कागद म्हणजे सनदेचे स्वीकृतीपत्र. त्यावर सही झाल्यावरच प्रवेश पूर्ण होतो. त्याशिवाय आसियानचे आधीचे करार स्वीकारावे लागतात, आणि आर्थिक समुदायाच्या करारांची यादी सर्वांत लांब आहे. 1976 चा मैत्री व सहकार्य करार पूर्व तिमोरने 2007 मध्येच, म्हणजे अर्जाच्या चार वर्षे आधी स्वीकारला होता. हे कागद लवकर हाताळलेले बरे, कारण प्रत्येक करारामागे देशांतर्गत मंजुरी आणि अनेकदा नवा कायदा लागतो.

मंजुरीनंतर काय लागते

देशात आसियानचे राष्ट्रीय सचिवालय चालवावे लागते आणि जकार्ताला राजदूताच्या दर्जाचा स्थायी प्रतिनिधी नेमावा लागतो. सचिवालयाच्या खर्चात सर्वांचा वाटा समान असतो. तिथे लोकसंख्या किंवा श्रीमंती पाहिली जात नाही. इंडोनेशिया जेवढे भरतो तेवढेच पूर्व तिमोरला भरायचे आहे. बदल्यात निर्णयातही वजन समान: त्याच्या होकाराशिवाय सहमती होत नाही. अध्यक्षपद इंग्रजी नावांच्या वर्णक्रमाने दरवर्षी फिरते, आणि त्या क्रमात पूर्व तिमोरची, म्हणजे तिमोर-लेस्तेची जागा थायलंड आणि व्हिएतनाम यांच्या मधे आहे.