जुनी पिकअप स्वस्त का पडते? सुट्या भागांची पार्श्वभूमी

ठाण्यात वागळे इस्टेटच्या गल्ल्यांत, कळव्याच्या पुढे ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून किंवा तुर्भ्याच्या बाजूला एखाद्या गॅरेजात जुनी महिंद्रा पिकअप नाहीतर टाटा २०७ खोलून ठेवलेली हमखास दिसते. हौदा उतरवलेला, फाळके भिंतीला टेकवलेले, इंजिन लाकडी ठोकळ्यांवर. मालक जुन्या गाड्यांचा शौकीन असतो असं नाही. त्याला नव्या गाडीचा हप्ता नको असतो, गाडी कुठल्याही फाट्यावर दुरुस्त व्हायला हवी असते आणि सामान मिळायला हवं असतं. यातली शेवटची अट सगळ्यात मोठी. गाडी दणकट असून भागत नाही. तिचं सामान किती वर्षं बनलं, किती मॉडेलांत वापरलं गेलं आणि किती लहान कारखान्यांनी ते काढलं, यावर तिची स्वस्ताई ठरते. महिंद्रा आणि टाटाच्या जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे कोणी आखून केलेलं नाही. टंचाई, परवाने आणि सरकारी धोरण यांच्या रेट्यात ते होत गेलं.

सुरुवात जीपपासून करावी लागते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करासाठी विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी एकाच आराखड्याची जीप बनवली. एकीचा भाग दुसरीच्या गाडीला बसलाच पाहिजे, ही लष्कराची अट होती. युद्ध संपलं त्याच वर्षी, १९४५ मध्ये, पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. याच सुमारास तिनं विलिसच्या जीपचे भाग आणून माझगावात गाड्या जोडायला घेतल्या.

नुसती जोडणी करून धंदा करणाऱ्यांचे दिवस मात्र लवकरच भरले. जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीत गाड्या जोडत होती, फोर्डही मुंबईत होती. टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारनं १९५३ मध्ये ठरवलं की ज्यांच्याकडे इथेच उत्पादन करण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी गाशा गुंडाळावा. दोघीही गेल्या. जे राहिले त्यांना गिअर, पाटे, रेडिएटर, ब्रेक ड्रम असं एकेक सामान देशात बनवून घेणं भाग पडलं. कुर्ल्याला प्रीमियर, कांदिवलीला महिंद्रा, आणि त्यांना माल पुरवणारे लहान कारखाने लालबहादूर शास्त्री मार्गानं सरकत ठाण्यापर्यंत आले. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या वसाहतींत वागळे इस्टेट होती. पुढे ठाणे-बेलापूर पट्टा आला. मुंब्र्याजवळ भारत गिअर्सचा कारखाना उभा राहिला. ट्रक-ट्रॅक्टरचे गिअर आणि क्राउन-पिनियन (धुरीतली, चाकांना फिरवणारी दातेरी जोडी) बनवणारी माणसं आणि यंत्रं अशी ठाण्याच्या हद्दीतच आली. मोठ्या कंपनीला माल देणारा लेथवाला उरलेल्या वेळात बाजारासाठीही तोच भाग काढू लागला. ‘ओरिजिनल’, ‘लोकल’ आणि ‘डुप्लिकेट’ ही सामानाची उतरंड इथल्या दुकानांत तेव्हापासूनची.

परवान्यांच्या काळात नवं मॉडेल आणणं म्हणजे परकीय चलन, सरकारी मंजुरी आणि वर्षानुवर्षांची वाट. त्यामुळे कंपन्या जुन्याच गाडीत थोडाथोडा बदल करत राहिल्या. ग्राहकाच्या दृष्टीनं हा अन्यायच होता, यात वाद नाही. गाडीला नंबर लावून थांबा आणि मिळेल ती गुपचूप घ्या. पण सुट्या भागांच्या दृष्टीनं पाहिलं तर याहून सोयीचं काही नव्हतं. चाकाचंच बघा. १९४१ च्या विलिस जीपचं चाक साडेपाच इंची वर्तुळावरच्या पाच बोल्टांनी बसायचं. तोच मेळ महिंद्राच्या सीजे जीपांत राहिला, एमएम ५४० मध्ये राहिला आणि बोलेरोपर्यंत आला. डिस्कची रुंदी, मधलं भोक, चाक किती बाहेर येतं हे सगळं तपासावं लागतं, पण बोल्ट अडत नाहीत. समोर चपटं तोंड असलेली एफसी १५० ही जीपची मालवाहू बहीण अमेरिकेत १९६० च्या दशकातच बंद झाली, इथे मात्र ती पुढे कितीतरी वर्षं भाजी, सिमेंट आणि माणसं वाहत होती.

खरी उडी डिझेलची. जुनं पेट्रोल इंजिन तेल पिणारं, आणि १९७३ नंतर पेट्रोलचे भाव भडकले. महिंद्राकडे ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन होतं, ते आधी जीपमध्ये घातलं गेलं. ओढ होती, वेग नव्हता. मग फ्रान्सच्या प्यूजोकडून एक्सडीपी ४.९० या इंजिनाचा परवाना घेतला आणि ते इगतपुरीला बनू लागलं. या आकड्यात इंजिनाची कुंडलीच आहे: चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास. ८३ मिलिमीटरचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, धरला की २११२ सीसी भरतात. टाटाच्या ४८३ इंजिनाचं उलटं: बोअर ८३, स्ट्रोक ९०, म्हणून १९४८ सीसी. जुने फिटर पिस्टन मागवताना गाडीचं नाव सांगत नाहीत, हे आकडे सांगतात.

या इंजिनांत पंप यांत्रिक. थंडीत आधी हीटर लावून थांबायचं, मग सेल्फ मारायचा. एकदा चालू झालं की विजेचं त्याला फारसं काम नाही. बॅटरी बसली तर चार जणांनी धक्का मारला की झालं. कॉम्प्रेशन, पंपाचं टायमिंग आणि नोझल ठीक असले तर इंजिन चालतंच. बिघाड हातानं शोधता येतो, कॉम्प्युटर लावावा लागत नाही.

ठाणे जिल्ह्यानं प्यूजोची दुसरी बाजूही पाहिली. १९९० च्या दशकात प्रीमियरच्या कल्याण-डोंबिवलीकडच्या कारखान्यात प्यूजो ३०९ ही मोटार बनत होती. आज शिळ रस्त्यावरचं प्रीमियर मैदान सभांसाठी ठाऊक आहे, ते त्याच कारखान्याच्या नावाचं. मोटार चांगली होती, चालवायला सुरेख होती, पण भागीदारी मोडली, फ्रेंच कंपनी निघून गेली आणि मालक सामानासाठी वणवण करू लागले. त्याच कंपनीच्या आराखड्याचं जुनं, धूर सोडणारं, खडखडाट करणारं डिझेल इंजिन मात्र महिंद्रांत सुखेनैव चालत राहिलं, कारण ते इथे बनत होतं आणि त्याचे पिस्टन-लायनर दहा ठिकाणी निघत होते. माझ्या मते या सगळ्या विषयातलं सगळ्यात बोलकं उदाहरण हेच.

जपानी हलक्या ट्रकांची गतही थोड्या फरकानं तीच. १९८० च्या दशकात डीसीएम-टोयोटा, आल्विन-निसान, स्वराज-माझदा, आयशर-मित्सुबिशी असे चार जोडधंदे उभे राहिले. गाड्या नीटनेटक्या होत्या, पण १९८५ नंतर येन महाग झाला आणि जपानहून येणारं सामान आवाक्याबाहेर गेलं. टाटानं १९८६ मध्ये पुण्यात घडवलेला ४०७ उतरवला आणि बाजार मारला. त्यामागोमाग १९८८ मध्ये टाटामोबाइल २०६ ही पिकअप आली; २०७ ही तिचीच पुढची. तिच्याच पायावर १९९१ ची सिएरा, १९९२ ची इस्टेट आणि १९९४ ची सुमो बेतली गेली. सुमो गावोगावी वडाप म्हणून धावली, कंपन्यांच्या कंत्राटावर लागली, २०१९ पर्यंत बनत राहिली. त्यामुळे पिकअपला लागणारे कितीतरी भाग सुमोच्या नावानं दुकानात मिळतात. २०७ चा मालक सुमोचं भंगार शोधत फिरतो ते याचसाठी.

नवी मुंबईमुळे या गाड्यांना काम मिळालं. १९७० मध्ये सिडको आली, १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला, १९८१ पासून कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार मुंबईतून इकडे हलला आणि मागोमाग बाकीचे बाजारही. मोठा ट्रक एपीएमसीत रिकामा होतो; तिथून ठाणे, डोंबिवली, पनवेलच्या दुकानांपर्यंत माल न्यायला टेम्पो आणि पिकअप लागतात. २००५ मध्ये टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती आला आणि हलकं काम त्यानं उचललं. जड माल, घाट आणि खराब रस्ता मात्र जुन्या पिकअपकडेच राहिला.

सामान वाटून घेण्याची रीत याच पट्ट्यात मुरली आहे. तीन-चार मालक मिळून एखादी अपघाती सुमो किंवा बोलेरो उचलतात. एकाला इंजिन, दुसऱ्याला गिअरबॉक्स, तिसऱ्याला स्टार्टर-अल्टरनेटर. उरलेला पत्रा वजनावर भंगारात. यात काही गोष्टी फोडायच्या नसतात. क्राउन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, तेव्हा ते जोडीनंच द्यायचे. वेगळे केले की डिफरन्स (डिफरन्शियल) रडायला लागतो आणि थोड्याच दिवसांत दाते खातो. रेशोही बघावा लागतो. जुन्या जीपच्या पिनियनला ८ आणि क्राउनला ४३ दाते, म्हणजे ५.३८. ओढ भरपूर, पण पामबीच रस्त्यावर इंजिन नुसतं बोंबलतं. फोर-व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा, नाहीतर कोरड्या रस्त्यावर दोन्ही धुऱ्या एकमेकींशी झगडतात. इंजिन ब्लॉकच्या मेन बेअरिंगच्या कॅपही आपापल्या जागीच बसतात. दुसऱ्या ब्लॉकची कॅप लावून चालत नाही. याउलट डायनॅमो, वायपर मोटर, दाराच्या काचेची मशीन, पाट्यांचे बुश असलं सामान बिनधास्त फिरतं आणि त्याचा हिशेब बहुतेक ठिकाणी तोंडीच असतो.

आता या पद्धतीला दोन बाजूंनी चाप बसतो आहे. पहिला कायद्याचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. मोडलेला भाग तसल्याच भागानं बदलणं वेगळं. जीपच्या कागदांवर भलतंच इंजिन चालवणं किंवा प्रवासी गाडी कापून हौदा लावणं वेगळं. त्यात १५ वर्षं ओलांडलेल्या गाड्यांची पासिंगची फी एप्रिल २०२२ पासून भरमसाट वाढली आहे. दुसरा चाप गाडीच्या घडणीतला. डिझेल सोडण्याची कॉम्प्युटरवर चालणारी कॉमन रेल पद्धत आली, एप्रिल २०२० पासून धुराचा बीएस-६ निकष आला. आजच्या बोलेरो पिकअपचं इंजिन तेच जुन्या घराण्यातलं २५२३ सीसीचं असलं तरी त्यावर सेन्सर, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर आणि धुराची गाळणी बसली आहे. एका गाडीचा ईसीयू दुसरीला बसवताना नुसता पाना पुरत नाही, प्रोग्रॅमिंग लागतं.

म्हणून जुन्या यांत्रिक पंपाच्या, कागद साफ असलेल्या गाडीला ठाण्यात अजून गिऱ्हाईक आहे. जाणकार माणूस बॉनेट नंतर उघडतो. आधी आरसी मागतो, इंजिन आणि चेसिसचे नंबर पुसून वाचतो, पासिंगची तारीख बघतो. हे जुळलं तरच ऑइलचं झाकण काढून इंजिन तिथून किती धूर मारतं ते पाहायला वाकतो.