शिष्यवृत्तीआधी दाखला

जून उजाडला की सोलापुरातल्या सेतू केंद्रांपुढे गर्दी होते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा, रहिवासी, नॉन-क्रिमिलेअर. शिष्यवृत्ती म्हणजे आधी ही रांग, पैसे नंतर. शिकणाऱ्या पोराला हात देण्याची रीत पूर्वी इतकी कागदी नव्हती.

शंभर वर्षांपूर्वी अडचण फीइतकीच पोटाची असे. खेड्यातलं पोर हायस्कूलला शहरात आलं तर राहणार कुठे, जेवणार कुठे? ब्राह्मणांची मुलं माधुकरी मागत, वार लावून जेवत. बाकीच्यांना ती सोय नव्हती आणि अस्पृश्य मुलाला तर भाड्याची खोलीही कोण देणार? कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 पासून वसतिगृहांना जागा नि पैसा दिला तो याचसाठी. बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली कोलंबियाला गेलेल्या डॉ. आंबेडकरांनी 1924 मध्ये मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. सभेची कचेरी परळला, पण हायस्कुलातल्या मुलांसाठी तिनं वसतिगृह उघडलं ते सोलापुरात, 4 जानेवारी 1925 रोजी. जेवण, कपडे, वह्या-पुस्तकं सगळं सभेकडून. सोलापूरकरांनाही हे फारसं ठाऊक नसतं, याचं मला नेहमी नवल वाटतं.

पुढे सरकार आलं. 1944 मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. 1959 च्या सुमारास राज्यात ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची, फीमाफी आली आणि जातीबरोबर बापाची कमाईही मोजली जाऊ लागली. गिरणीतल्या कामगाराकडे पगाराचा कागद होता. घरात माग चालवणाऱ्यानं, विड्या वळणारीनं काय दाखवायचं?

विडी कामगारांसाठी उत्तर निघालं 1976 च्या कायद्यांतून. विडीवर उपकर बसला, त्यातून कल्याण निधी उभा राहिला आणि त्या निधीतून मुलांना शिष्यवृत्ती मिळू लागली. उपकर 2017 मध्ये जीएसटी आल्यावर गेला, शिष्यवृत्ती राहिली. पहिलीच्या मुलाला आता वर्षाला 1000 रुपये मिळतात, व्यावसायिक अभ्यासक्रमाला 25000 पर्यंत. सोलापूरच्या तेलुगू भाषक पूर्व भागात या पैशाला मान आहे, कारण तो आईच्या कामावर मिळतो. उंबऱ्याशी बसलेली बाई, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, बोटाशी दोरा. हजार विड्यांच्या हिशेबानं मजुरी. तिचं विडी कामगाराचं ओळखपत्र हीच पोराची पात्रता. घरात तेलुगू, शाळा मराठी, अर्ज ऑनलाइन. कार्डावर ‘व्यंकटम्मा’ आणि आधारवर ‘वेंकटम्मा’ असलं की अर्ज अडतो. एका अक्षराची गोष्ट, पण हेलपाटे तिला. त्या दिवसाच्या विड्याही बुडतात.

राज्याच्या योजना 2018 पासून महाडीबीटी पोर्टलवर गेल्या आणि पैसे थेट खात्यात येऊ लागले. मधल्या हातांना चाप बसला, हे खरंच. 2024 मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली.

फी सुटली, पण अक्कलकोट-मंगळवेढ्याहून आलेल्या मुलीला खोली आणि मेस लागतेच. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना ‘स्वाधार’ योजनेतून खोलीभाड्याला आणि जेवणाला रोख रक्कम मिळते. अर्थात, त्यालाही उत्पन्नाचा दाखला लागतो.