एनएस-२ ते एनएस-३ : जुनी स्क्रिप्ट का चालत नाही?

सोलापुरात आम्ही शिकत होतो तेव्हा नेटवर्क सिम्युलेशन (संगणकांचे जाळे प्रत्यक्ष न उभारता प्रोग्रामवर चालवून पाहणे) म्हणजे एनएस-२ (नेटवर्क सिम्युलेटर-२) हे गृहीतच होते. आज प्रोजेक्टसाठी एनएस-३ उतरवून घेणारा विद्यार्थी सीनियरची टीसीएल भाषेतली स्क्रिप्ट त्यावर चालवू पाहतो आणि अडतो. याचे कारण इतिहासात आहे.

१९८०च्या दशकाअखेरच्या ‘रिअल’ या सिम्युलेटरमधून ही मालिका निघाली आणि १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात एनएस-२ पर्यंत पोहोचली. त्याचा गाभा सी++ मध्ये, तर नोड (जाळ्यातील संगणक) जोडणे, ट्रॅफिक सुरू-बंद करणे हे ओटीसीएल या टीसीएलच्या विस्तारित रूपात असे. सोबतीला नॅम हे ॲनिमेशनचे साधन होते. सात रस्ता, विजापूर वेस आणि होटगी रोड अशी लेबले देऊन आम्ही तीन नोड मांडले आणि मधल्या लिंकची बँडविड्थ मुद्दाम कमी ठेवली. रंगीत पॅकेटांची (डेटाच्या तुकड्यांची) रांग वाढत गेली आणि ती भरताच एकेक चौकोन पडद्यावर खाली गळू लागला.

एनएस-३ चे काम २००६ मध्ये सुरू झाले, २००८ मध्ये पहिली आवृत्ती आली, आणि जुन्या स्क्रिप्टांशी सुसंगतता ठेवायची नाही असे ठरले. स्क्रिप्ट थेट सी++ मध्ये किंवा पायथनमध्ये लिहायची, आणि पॅकेट खऱ्या बाइटांच्या रूपात ठेवायचे, म्हणजे त्याचा ट्रेस (नोंद) वायरशार्क या पॅकेट तपासण्याच्या साधनात उघडता येईल, ही भूमिका तांत्रिकदृष्ट्या योग्यच होती. चुकला तो आकडा, असे माझे मत आहे. ‘तीन’ म्हटल्यावर कोणीही पुढची आवृत्तीच समजणार. प्रत्यक्षात हे वेगळे साधन आहे आणि एनएस-२ मधली कितीतरी मॉडेल त्यात आपोआप आली नाहीत. शिवाय एनएस-२ ची २.३५ ही आवृत्ती २०११ मध्ये, म्हणजे एनएस-३ आल्यानंतर निघाली, त्यामुळे संभ्रम वाढलाच.

जुन्यालाच धरून राहणाऱ्यांनाही सुख नाही. नव्या जीसीसी कंपाइलरवर २.३५ बसवताना लिंकस्टेट फोल्डरमधील एका हेडर फाइलशी कंपाइल अडते, आणि तिथल्या ‘इरेझ’च्या आधी ‘धिस’ व बाण (->) जोडावा लागतो.

नॅमची जागा घेणारे नेटॲनिम हे सिम्युलेशन संपल्यावर तयार झालेली एक्सएमएल फाइल वाचते. आणि २०२२ मध्ये ३.३६ आवृत्तीपासून एनएस-३ ने बिल्डसाठीचे (कोडपासून प्रोग्राम तयार करण्याचे) वॅफ हे साधन सोडून सीमेक घेतले, त्यामुळे त्याआधीच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलांतील वॅफच्या कमांड आता एनएस-३ वरही चालत नाहीत.