लिंडबर्ग खटला: खटला सदोष असणं वेगळं, आरोपी निर्दोष असणं वेगळं

वैमानिक चार्ल्स लिंडबर्गच्या पळवून नेलेल्या मुलाच्या खुनाबद्दल ब्रूनो रिचर्ड हाउप्टमनला ३ एप्रिल १९३६ रोजी न्यू जर्सीतल्या ट्रेंटन तुरुंगात विजेच्या खुर्चीत मृत्युदंड दिला गेला. तेव्हापासून या प्रकरणावर बोलणाऱ्यांचे दोन तट आहेत. एक तट म्हणतो, खटल्याचा नुसता तमाशा झाला, म्हणजे बिचारा निर्दोष होता. दुसरा म्हणतो, खंडणीच्या नोटा त्याच्याच गॅरेजात निघाल्या, आता खटल्याच्या उणिवा कसल्या काढता? माझ्या मते दोघंही एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला चिकटवतात. खटला नीट चालला का, हा एक प्रश्न. गुन्हा त्याने केला का, हा दुसरा.

प्रकरण थोडक्यात असं. १९२७ मध्ये न्यूयॉर्कहून पॅरिसपर्यंत एकट्याने विमान नेऊन चार्ल्स लिंडबर्ग जगप्रसिद्ध झाला होता. १ मार्च १९३२ च्या रात्री न्यू जर्सीतल्या होपवेलजवळच्या त्याच्या घरातून, वरच्या मजल्यावरच्या खोलीतून, त्याचा वीस महिन्यांचा मुलगा पळवला गेला. खिडकीपाशी ५० हजार डॉलर मागणारी चिठ्ठी होती आणि बाहेर हाताने ठोकून केलेली, मोडलेली शिडी. २ एप्रिलला जॉन कॉन्डन या निवृत्त शिक्षकाने मध्यस्थ म्हणून ब्रॉन्क्समधल्या कब्रस्तानात 'जॉन' नावाच्या माणसाला पैसे दिले. मूल परत आलं नाही. १२ मे रोजी घरापासून काही मैलांवर त्याचं प्रेत सापडलं.

आधी खटला पाहू, कारण त्याची गत खरोखरच वाईट होती. २ जानेवारी १९३५ ला फ्लेमिंग्टन या लहानशा गावात तो सुरू झाला आणि गावाची जत्रा झाली. बातमीदार, छायाचित्रकार, बघे यांची ही गर्दी! कोर्टात चोरून चित्रीकरणही झालं. अमेरिकन वकील संघटनेने १९३७ मध्ये कोर्टात कॅमेरे नकोत असा नियम केला, त्यामागे या खटल्याचा मोठा हात होता. आरोपीचा मुख्य वकील एडवर्ड रायली याची फी हर्स्ट या बड्या वृत्तपत्रमालकाच्या वृत्तपत्रांकडून आली होती. त्याने भर कोर्टात, सापडलेलं प्रेत लिंडबर्गच्याच मुलाचं आहे याला आमची हरकत नाही असं सांगून टाकलं, तेव्हा त्याचा सहकारी वकील लॉईड फिशर संतापला. तो मुद्दा टिकला असता की नाही ते सोडा, पण लढण्याआधीच तो हातचा गेला.

साक्षींचंही तसंच. लिंडबर्गने कब्रस्तानाबाहेर गाडीत बसून त्या माणसाची एक हाक ऐकली होती. त्यानंतर जवळजवळ अडीच वर्षांनी ग्रँड ज्युरीसमोर (खटला भरायचा की नाही हे ठरवणारी ज्युरी) तो म्हणाला की नुसत्या आवाजावरून माणूस ओळखणं फार अवघड आहे. फ्लेमिंग्टनला मात्र त्याने तो आवाज हाउप्टमनचाच असल्याचं ठामपणे सांगितलं. लिंडबर्गसारख्या माणसाचा शब्द ज्युरीने खाली कसा पडू द्यावा? घटनेच्या दिवशी शिडी असलेल्या गाडीत आरोपीला पाहिल्याचं सांगणारा एक साक्षीदार ८७ वर्षांचा होता आणि त्याच्या नजरेबद्दल शंका होत्या. सरकारी वकील डेव्हिड विलेंट्झने सुरुवातीला सांगितलं की शिडी मोडल्यावर मूल पडून मेलं, आणि शेवटच्या भाषणात सांगितलं की त्याला पाळण्यातच मारलं. एकाच खुनाच्या दोन कहाण्या, त्याही एकाच वकिलाच्या तोंडून.

आता दुसरा प्रश्न. इथे चित्र उलटं आहे, आणि खटल्यावर चिडलेले लोक नेमकं हेच वाचायचं टाळतात.

खंडणीतल्या बऱ्याच नोटा मुद्दाम गोल्ड सर्टिफिकेटच्या (सोन्यात बदलून मिळणाऱ्या नोटा) दिल्या होत्या आणि त्यांचे क्रमांक टिपून ठेवले होते. १९३३ मध्ये सरकारने अशा नोटा चलनातून मागे घेतल्या, त्यामुळे नंतर कोणी ती काढली की नजरेत भरायची. सप्टेंबर १९३४ मध्ये एका पेट्रोल पंपावर दहा डॉलरची अशी नोट आली. पंपावरच्या माणसाने तिच्यावर गाडीचा क्रमांक लिहून ठेवला. त्यावरून पोलीस ब्रॉन्क्समधल्या हाउप्टमन या जर्मन सुताराच्या घरी पोचले. गॅरेजात सुमारे १४ हजार डॉलर दडवलेले होते. त्याचं म्हणणं, इसिडोर फिश नावाच्या भागीदाराने जर्मनीला जाताना एक पेटी ठेवायला दिली, तिच्यात हे पैसे निघाले. फिश मार्च १९३४ मध्ये लाइपझिगला क्षयाने वारला होता, म्हणजे हो-नाही म्हणायला कोणी उरलं नव्हतं.

लाकडाचा पुरावा मला सर्वांत वजनदार वाटतो. विस्कॉन्सिनच्या सरकारी वनोपज प्रयोगशाळेतला आर्थर कोलर याने शिडीतलं लाकूड कारखान्यापासून वखारीपर्यंत माग काढत ब्रॉन्क्समध्ये आणलं होतं, तेही हाउप्टमनचं नाव कोणाला माहीत नसताना. पुढे शिडीचा सोळाव्या क्रमांकाचा दांडा हाउप्टमनच्या माळ्यावरच्या फळीशी जुळला: लाकडाच्या रेघा जुळल्या, खिळ्यांची भोकंही जुळली. पोलिसांनी ती फळी बनवून ठेवली, असा आरोप अजून होतो. पण नंतरच्या अभ्यासातही ही जुळणी टिकली आहे.

म्हणजे पैसे त्याला खंडणीशी बांधतात आणि लाकूड शिडीशी. मात्र त्या रात्री खोलीत शिरलेला माणूस तोच होता, आणि एकटाच होता, हे दाखवणारा पुरावा त्या मानाने कमकुवत आहे. संशयाला खरी जागा आहे ती इथे.

आणखी एक गोंधळ. हाउप्टमनला 'लिंडबर्ग कायद्या'खाली फाशी झाली असं लोक बिनदिक्कत लिहितात. (फाशीही नव्हती, पण ते जाऊ दे.) १९३२ चा तो केंद्रीय कायदा या अपहरणानंतर झाला, आणि पळवलेल्या माणसाला राज्याबाहेर नेण्याविषयी होता. खटला न्यू जर्सीच्या कायद्याने चालला, आणि तिथे अपहरणाला मृत्युदंड नव्हता. म्हणून घरफोडी करताना मृत्यू घडला तर तो प्रथम श्रेणीचा खून, हा मार्ग सरकारने धरला. त्यासाठी मुलाच्या अंगावरच्या झोपायच्या कपड्यांची चोरी दाखवली गेली! ही ओढाताण खटल्याच्या खात्यात जाते, गुन्ह्याच्या नाही.

न्यू जर्सीचा तेव्हाचा राज्यपाल हॅरोल्ड हॉफमन याचं नावही असंच वापरलं जातं. तो तुरुंगात हाउप्टमनला भेटला, जानेवारी १९३६ मध्ये त्याने शिक्षा ३० दिवस पुढे ढकलली, आणि तेव्हापासून 'राज्यपालालाही तो निर्दोष वाटत होता' असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात हॉफमनने निर्दोषपणाचा दावा केला नव्हता. त्या रात्री हाउप्टमन त्या खोलीत होता असं सांगणाऱ्या पुराव्याबद्दल त्याला शंका होती.

उलट दिशेची चूकही होते. हाउप्टमनची पत्नी ॲना हिने १९८० च्या दशकात न्यू जर्सी सरकार आणि इतरांवर दावे केले. ते फेटाळले गेले, म्हणून 'कोर्टाने पुन्हा एकदा दोष पक्का केला' असं छापून येतं. ते फेटाळले गेले मुदत संपल्यामुळे आणि सरकारी वकिलांना असलेल्या कायदेशीर संरक्षणामुळे. गुन्हा कोणी केला याकडे त्या कोर्टांनी पाहिलंच नाही.