रोजच्या जगण्यातला अर्थ मोजताना

आयुष्याला अर्थ असतो का, या प्रश्नाचे उत्तर विज्ञान देऊ शकत नाही. मात्र आपले आयुष्य अर्थपूर्ण आहे असे माणसाला कधी आणि कशामुळे वाटते, हे तपासता येते, आणि गेल्या काही दशकांत मानसशास्त्रज्ञांनी ते चिकाटीने तपासले आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मायकेल स्टेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रश्नावली त्यासाठी आज सर्रास वापरली जाते. तिच्यात अवघी १० विधाने आहेत आणि प्रत्येक विधान आपल्याला कितपत लागू पडते, हे १ ते ७ या श्रेणीत सांगायचे असते. निम्मी विधाने अर्थ गवसल्याच्या जाणिवेविषयी आहेत, तर निम्मी त्याच्या शोधाविषयी.

या दोन गोष्टींतील नाते दिसते तितके सरळ नाही. अमेरिकेत जे लोक अर्थाच्या शोधात अधिक गुंतलेले असतात, त्यांना तो गवसल्याची जाणीव सहसा कमी असते, म्हणजे तेथे शोध हे उणिवेचे लक्षण ठरते. स्टेगर यांनी जपानी संशोधकांसोबत २००८ मध्ये केलेल्या तुलनेत जपानमध्ये मात्र उलट चित्र दिसले. तेथे शोध आणि प्राप्ती हातात हात घालून चालत होत्या. एका देशात आखलेली मोजपट्टी दुसऱ्या देशात जशीच्या तशी लावताना म्हणूनच सावध राहावे लागते, आणि भारतीयांविषयी बोलताना तर अधिकच.

दुसरा निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित वाटेल. अर्थपूर्ण आयुष्य ही मोजक्या भाग्यवंतांची मिरास आहे, असे आपण गृहीत धरतो, परंतु समँथा हाइन्ट्झलमन आणि लॉरा किंग यांनी २०१४ मध्ये उपलब्ध सर्वेक्षणांचा आढावा घेतला, तेव्हा बहुसंख्य लोकांचे गुण श्रेणीच्या मध्यबिंदूच्या वर आढळले. मग ही जाणीव येते कोठून? नातेसंबंध आणि ध्येय ही उत्तरे अपेक्षितच होती. या दोघींनी त्यात एका दुर्लक्षित गोष्टीची भर घातली, ती म्हणजे सुसंगती. २०१३ च्या एका प्रयोगात त्यांनी सहभागी व्यक्तींना वेगवेगळ्या ऋतूंतील झाडांची छायाचित्रे दाखवली. काहींना ती ऋतुचक्राच्या क्रमाने दिसली, काहींना कशीही मिसळलेली. त्यानंतर आयुष्याविषयीचे प्रश्न विचारले असता, क्रमाने चित्रे पाहिलेल्यांनी आपले आयुष्य अधिक अर्थपूर्ण असल्याचे नोंदवले. झाडांचा आणि त्यांच्या आयुष्याचा संबंध काय, तर काहीच नाही. भोवतालच्या जगाची घडी नीट बसलेली आहे, एवढा संकेत मनाला पुरतो, असा या प्रयोगाचा अर्थ लावला जातो.

याच विचाराचे पुढचे पाऊल म्हणजे दिनक्रमावरील त्यांचे २०१९ मधील संशोधन. त्यात लोकांना दिवसातून अनेकदा, ते त्या क्षणी काय करत आहेत आणि आयुष्य कितपत अर्थपूर्ण वाटते आहे, हे विचारले गेले. नेहमीचेच काम नेहमीसारखे करत असताना अर्थाची जाणीव अधिक असल्याचे आढळले. रोजचे रहाटगाडगे म्हणून ज्याला आपण नावे ठेवतो, त्यातील सकाळचा चहा, देवपूजा, ठरलेल्या वेळची लोकल हेच कदाचित आपल्याला आतून सावरून धरत असावे. नोकरी संपल्यानंतर अनेकांची जी घालमेल होते, तिच्यामागे पद गेल्याच्या दुःखाइतकाच दिवसाचा साचा मोडल्याचा भाग असावा, असे मला वाटते.

अर्थाच्या जाणिवेचा संबंध आयुर्मानाशीही जोडला जातो, आणि येथे थोडे थांबून विचार करायला हवा. जपानच्या मियागी प्रांतातील ओसाकी भागात ४० ते ७९ वयोगटातील ४३,३९१ लोकांना एकच प्रश्न विचारण्यात आला: तुमच्या आयुष्यात ‘इकिगाई’, म्हणजे जगावेसे वाटायला लावणारे काही आहे का? पुढील सात वर्षांतील मृत्यूंची नोंद ठेवल्यावर, ‘नाही’ म्हणणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ‘आहे’ म्हणणाऱ्यांच्या सुमारे दीडपट निघाला. हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांत हा फरक ठळक होता, तर कर्करोगाच्या बाबतीत तो निर्णायक नव्हता. आधीच आजारी असलेल्या माणसाला जगण्यात रस उरत नाही, त्यामुळे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होण्याची शक्यता असते. संशोधकांनी वय, धूम्रपान, व्यायाम, पूर्वीचे आजार आदी घटकांचा हिशेब धरूनही फरक शिल्लक राहिला, हे खरे. तरीही असे निरीक्षणात्मक संशोधन कार्यकारणभाव सिद्ध करू शकत नाही, आणि ‘ध्येय ठेवा, दीर्घायुषी व्हा’ छापाचे संदेश त्याच्या जोरावर फिरवणे हा उतावीळपणा आहे.

कामातील अर्थाविषयीचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील एका रुग्णालयातील सफाई कर्मचाऱ्यांचे आहे. एमी रेझनेस्की आणि जेन डटन यांनी त्यांच्याशी सविस्तर बोलल्यावर लक्षात आले की, सारख्याच कामाकडे हे लोक दोन तऱ्हांनी पाहत होते. काहींच्या लेखी ते केवळ केर-फरशीचे काम होते. इतर जण स्वतःला रुग्णांच्या शुश्रूषेचा भाग मानत, नातेवाइकांची विचारपूस करत आणि कामाची वेळ रुग्णाच्या सोयीने जुळवून घेत. दीर्घकाळ पडून असलेल्या रुग्णांच्या खोल्यांमधील भिंतीवरची चित्रे एक कर्मचारी अधूनमधून बदलून लावत असे; दृश्य बदलल्याने रुग्णाला कदाचित बरे वाटेल, एवढाच तिचा विचार होता. यातले काहीही त्यांच्या कामाच्या यादीत नव्हते आणि त्याबद्दल वेगळे पैसेही मिळत नव्हते.

व्यवस्थापनाच्या वर्गांत हे उदाहरण कौतुकाने सांगितले जाते, पण त्यातील ‘वेगळे पैसेही मिळत नव्हते’ हा भाग घाईघाईने ओलांडला जातो. त्यावर स्टुअर्ट बंडरसन आणि जेफ्री थॉम्पसन यांनी २००९ मध्ये नेमके बोट ठेवले. त्यांनी अमेरिका व कॅनडातील प्राणिसंग्रहालयांत प्राण्यांची देखभाल करणाऱ्यांचा अभ्यास केला. हे काम कष्टाचे, घाणीचे आणि कमी पगाराचे, तरीही त्यातील बहुतेक जण उच्चशिक्षित होते आणि आपला जन्म याच कामासाठी झाला आहे, असे त्यांतील अनेकांना वाटत होते. ही भावना जितकी प्रबळ, तितके ते पगार, मोकळा वेळ आणि सुखसोयी सोडायला तयार होते, आणि मालकाच्या हातून नाडले जाण्याची शक्यताही तितकीच अधिक होती. मात्र हेच लोक निमूटपणे सहन करणारे नव्हते. प्राण्यांची काळजी हे नैतिक कर्तव्य मानत असल्यामुळे ते आपल्या संस्थेलाही तीच कसोटी लावत आणि ती कमी पडते का, यावर बारीक नजर ठेवत.