कुलाब्याचा आकडा: चुंबकीय वादळांची पार्श्वभूमी

१० मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हानले इथे कॅमेऱ्यांनी आकाशातली लाल छटा टिपली. दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही नाशिककरही गच्चीवर चढून उत्तरेकडे बघत बसलो. इथून ती दिसणं शक्यच नव्हतं, आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या फार जवळ आहोत. ती छटा उमटवणारं चुंबकीय वादळ, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली मोठी उलथापालथ, मात्र आपल्यालाही चुकलं नव्हतं. नाशिकपासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत, अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत त्याची नोंद झाली.

बातम्यांतला ‘सौर वादळ’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. सौरज्वालेचे क्ष-किरण आठ मिनिटांत पोचतात आणि शॉर्टवेव्ह रेडिओ बिघडवतात. चुंबकीय वादळ आणतो तो सूर्याच्या प्रभामंडलातून, म्हणजे बाह्य वातावरणातून सुटलेला भारित कणांचा लोट. त्याला यायला साधारण पंधरा तास ते तीन दिवस लागतात. लोटातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असेल, तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि ऊर्जा आत शिरते. उत्तरेकडे असेल, तर मोठा लोटही फारसं काही न करता निघून जातो.

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमधल्या दोघा हौशी निरीक्षकांना सूर्यडागांपाशी पांढरा लखलखाट दिसला. साधारण साडेसतरा तासांनी वादळ आलं. इंग्लंडमध्ये चुंबकीय क्षेत्राची फोटोग्राफिक कागदावर उमटणारी रेघ कागदाबाहेर गेली. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत टांगलेल्या चुंबकाचं वळण माणसं डोळ्यांनी वाचत होती. एरवी तासाला एक वाचन व्हायचं, वादळात ते पाच-पाच मिनिटांवर आलं. म्हणूनच तिथला आकडा हाती राहिला: क्षेत्राचा आडवा घटक भर दिवसा सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) घसरला होता.

वाद आहे तो याच आकड्यावर. २००३ मध्ये त्यावरून वादळाची जागतिक तीव्रता दाखवणारा निर्देशांक उणे १,७६० नॅनोटेस्ला काढण्यात आला (आकडा जितका शून्याखाली, तितकं वादळ मोठं). आक्षेप असा, की हा निर्देशांक तासाच्या सरासरीवर मोजतात आणि तशी सरासरी काढली तर उत्तर हजाराच्या आसपास येतं. शिवाय इतकी झटपट घसरण आणि तितकीच झटपट भरपाई एकट्या वलयप्रवाहाने, म्हणजे पृथ्वीभोवती कड्यासारख्या फिरणाऱ्या विद्युतप्रवाहाने होत नाही, ध्रुवीय भागातले प्रवाह त्या दिवशी विषुववृत्ताच्या दिशेने खूप खाली सरकले असावेत. आक्षेप मला पटतो. पण आकडा निम्मा झाला तरी कुलाब्याच्या नोंदीची किंमत कमी होत नाही. ती नसती तर वाद घालायलाही काही उरलं नसतं.

मुंबईची ट्राम विजेवर जाणार आणि तिच्या प्रवाहाने मोजणी बिघडणार म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेध अलिबागला हलवले गेले. मालिका जुळावी म्हणून पुढची दोन वर्षं दोन्हीकडे मोजणी चालू ठेवली.

जागतिक तीव्रतेच्या त्याच निर्देशांकावर मार्च १९८९ चं वादळ उणे ५८९ होतं. कॅनडातल्या क्वेबेकची वीज दीड मिनिटात कोसळली आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. मे २०२४ चं वादळ उणे ४०० च्या आसपास गेलं. २००३ नंतर चुंबकीय वादळांची सर्वोच्च श्रेणी गाठणारं ते पहिलंच.

आता आदित्य-एल१ सह काही यानं पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून सूर्याकडे लक्ष ठेवून आहेत. लोट सुटल्याचं काही तासांत कळतं. त्याचं क्षेत्र उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे, हे मात्र लोट यानावर आदळल्यावरच खात्रीने कळतं, आणि तिथून पृथ्वी तासाभराच्याच अंतरावर असते.