हिमोग्लोबिन दोघांचंही कमी, मग रक्त एकालाच का?

आमच्या लालबागच्या चाळीत गेल्या महिन्यात हेच झालं. खालच्या मजल्यावरचं दीड वर्षाचं पोर, हिमोग्लोबिन 6.2, ॲडमिट केलं आणि डॉक्टर म्हणाले रक्त नको, आयर्नचं सिरप सुरू करू. पोराची आई रात्री माझ्याकडे रडत, ताई तुमच्या भाच्याला तर 9 वर असताना पण रक्त लावतात ना, मग माझ्या बाळाला का नाही?

भाच्याला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे जन्मापासून हिमोग्लोबिनच नीट बनत नाही; आठ वर्षं दर तीन आठवड्यांनी आम्ही रक्त लावायला हॉस्पिटलच्या डे केअरला बसतोय म्हणून थोडंफार कळतं. गिरणगावातल्या भाषेत सांगते. खालच्या पोराची गिरणी धडधाकट आहे, कापूसच, म्हणजे लोह, येत नाहीये, कारण पोर दिवसभर दुधाच्या बाटलीवर, आणि गाईच्या दुधात लोह जवळजवळ नसतंच. माझ्या भाच्याकडे माग जन्मापासून नादुरुस्त, कितीही कापूस आणा कापड निघणार नाही. म्हणून त्याला आयुष्यभर बाहेरचं रक्त, आणि तेही साधारण 9.5 च्या खाली जाऊ न देता, नाहीतर हाडातला मगज उगाच राबून फुगतो, चेहऱ्याची हाडं बदलतात, पाणथरी (प्लीहा) वाढते.

मग खालच्या पोराला एक पिशवी लावली तर बिघडलं काय? बिघडू शकतं. त्याचं रक्त महिनोन्महिने हळूहळू उतरलंय, शरीराने जुळवून घेतलंय, पोर खेळतंय, दूध पितंय, अशात भराभर रक्त गेलं तर हृदयावर ताण येतो. शिवाय ॲलर्जी, इन्फेक्शनचा धोका थोडा का होईना असतोच. धाप लागली, पोर गळून गेलं, रक्तस्राव होतोय किंवा आकडा 4 च्या खाली, तर गोष्ट वेगळी, तिथे रक्तच द्यावं लागतं. आयसीयूतल्या पण स्थिर असलेल्या 637 मुलांवरचा 2007 चा अभ्यास आहे, 9.5 ला रक्त दिलं काय आणि 7 पर्यंत थांबलं काय, मुलांच्या तब्येतीत फरक पडला नाही.

आणि उलटंही लक्षात ठेवा. रक्ताच्या पिशवीतल्या दर मिलीलीटर लाल पेशींबरोबर साधारण 1 मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही, ते हृदयात, लिव्हरमध्ये साठतं. म्हणून भाचा रोज लोह काढायची गोळी घेतो, त्याला मनाने आयर्नचं सिरप पाजणं म्हणजे घातच.

दोन्हीत लाल पेशी बारीकच दिसतात, नुसत्या सीबीसीवरून, म्हणजे रक्ताच्या साध्या तपासणीवरून, फसायला होतं. फेरिटीन (अंगातला लोहाचा साठा) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिन कोणत्या प्रकारचं आहे ते) या तपासण्या करतात तेव्हा कळतं, पण एचपीएलसीचं सॅम्पल रक्त लावायच्या आधी घ्यायला हवं, नंतर दात्याचं हिमोग्लोबिन मिसळून रिपोर्ट दोन-तीन महिने गोंधळतो. कोणी घाईत रक्त लावत असेल तर एवढं तरी नक्की विचारा.

खालचं पोर आता चार आठवड्यांत 8.8 वर आलंय. दूध कमी केलंय, सिरप लिंबूपाण्याबरोबर चालू आहे. मधे आईचा घाबरून फोन आला होता, शी काळी झाली म्हणून. ती आयर्नमुळे होतेच.